आधी कुणाच्या पायात होता?

"आधी कुणाच्या पायात होता?"

नवीन बूट घालून कुणी समोर आलं की तो हेच विचारायचा. छान आहे, कुठून घेतला, असलं काही नाही. खाली वाकायचा, बुटाची टाच बघायचा आणि विचारायचा. बूट आत्ताच दुकानातून आणलेला असला तरी. "अरे, नवीन आहे," असं समोरचा बोलला की ह्याचं तोंड असं व्हायचं, जसं काय कुणी पोरक्या मुलाची ओळख करून दिली. "अरेरे," बोलायचा. "म्हणजे ह्याला कुणीच नाही."

तुम्ही पण बघितली असतील अशी माणसं. नाव विचाराल, तर सांगत नाही. नाव लिहिलं तर तो येऊन टायर काढायची पहार माझ्या डोक्यात घालेल. येत असेल तर मात्र लिहितो. दोनदा लिहितो.

ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत तो टायर सेक्शनला होता आणि मी गाड्या धुवायला. शिक्षण माझं एवढंच, की चौथीत दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मास्तरच बोलले, आता ऊठ. गाडी धुताना गाडीपेक्षा मीच जास्त भिजायचो. सुपरवायझर बोलायचा, "हा रोज स्वतःला धुतो आणि पगार गाडीचा घेतो." घरी बायको बोलायची, "धुतलेला तर कधी दिसला नाही."

राहायला आम्ही दोघं कळव्याला, एकाच चाळीत, भिंतीला भिंत. संध्याकाळी सुटलो की खाडीच्या पुलावरून चालत घरी. तो मागे, मी पुढे. तो मुद्दाम मागे राहायचा. माझी चाल बघायला. मी जरा फेंगडा आहे. जरा म्हणजे, माझ्या दोन पायांमधून कुत्रं पळालं तर मला कळत नाही. चप्पल माझी बाहेरच्या बाजूने झिजते, आतली बाजू कोरी करकरीत. माझ्या दोन्ही पोरी माझ्यावरच गेल्यात. "तुमच्या घरात एक बदक आणा," तो बोलायचा, "त्याला एकटं वाटणार नाही."

जून आला की आमच्या चाळीत एकच भांडण, घराघरात. मोठीचे बूट धाकटीला द्यायचे की नाही. माझी बायको नाही बोलायची. "टाच एकीने घासलेली आणि पाय दुसरीचा. पोरगी वाकडी चालेल."

"वहिनी," तो दारातून बोलायचा, "ह्या घरात वाकडं चालायला बुटांची गरज काय?"

मी कुणाच्या बाजूने होतो? मला कुणी विचारलंच नाही.

पण त्याचं ठाम होतं. मोठ्याचं धाकट्याला गेलंच पाहिजे. डेपोत त्याने मला दाखवलेलं, गाडीला नवीन टायर पुढे लावतात. पुढे घासला की तोच मागे येतो. "एवढी गाडी भरून माणसं घाटातून जातात ह्याच्यावर, आणि तुझ्या धाकटीला लाज वाटते?"

धाकटी खरंच रडत बसलेली. मोठीचे काळे पट्ट्याचे बूट समोर, आणि ही पाय पोटाशी घेऊन. तो आमच्या पायरीवर बसला. एक बूट उचलून कानाला लावला.

"हं," बोलला. "भरलाय."

धाकटी रडायची थांबली. "काय भरलंय?"

"रस्ते. ताईने वर्षभर चालून चालून सगळे रस्ते ह्यात भरून ठेवलेत. शाळेचा आहे, गिरणीचा आहे, बोरंवाल्या आजीचा आहे. नवीन बुटाला काय माहीत? त्याला कळवा कुठे, ठाणं कुठे, काही ठाऊक नाही. तू फक्त पाय घाल. बूटच नेतील."

दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेतून आली ती तोंड पाडून. बाई ओरडलेल्या. का, तर ही सरळ जाऊन मोठीच्या वर्गात बसली. हलेचना. "बूट इथेच आले," बाईंना सांगते.

मी एवढा हसलो, की बायकोने मला जेवायला वाढलं नाही. त्याच्या घरी जेवलो.

त्याचं हे बुटांचं वेड कुठून आलं, ते त्याने एकदा पुलावर सांगितलेलं. गावाला तो आणि दादा, दोघंच भाऊ. दोघांत एक जोड. दादा सकाळच्या शाळेत, हा दुपारच्या. हा अनवाणी धावत शेताच्या बांधापर्यंत यायचा, समोरून दादा यायचा. दादा बांधावर बसून बूट काढायचा, हा घालायचा, आणि दादा अनवाणी घरी.

"गरम असायचे," तो बोलला. खाडीकडे बघत. "दादाचा पाय त्यात अजून असायचा, येड्या. नवीन बूट चावतो. दादाचा कधी चावला नाही."

मी काहीतरी विनोद करणार होतो. तोंड पण उघडलेलं. मग बंद केलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

तो दादा आता डोंबिवलीला. दादाला पण एक मुलगी, आणि ह्याला एक, चिमी. चिमी माझ्या धाकटीच्या वर्गात. शाळा सुरू व्हायच्या आधी दरवर्षी डोंबिवलीहून एक कापडी पिशवी यायची. त्यात ताईचे बूट. चिमी त्या चुलत बहिणीला ताईच बोलायची. बूट पॉलिश केलेले आणि डाव्या बुटात, पार पुढे अंगठ्याच्या जागी, ताईने लपवलेली लिमलेटची गोळी. पिशवी आली की चिमी आधी बुटात हात घालायची. पाय नंतर. माझी धाकटी बाजूला उभी राहून बघायची आणि मग माझ्याकडे यायची, "आपल्या ताईने माझ्या बुटात काहीच ठेवलं नाही." मोठी बोलायची, "मोजा ठेवला ना एक."

मग कल्याणला त्यांच्या नात्यातलं एक लग्न झालं. हॉलमध्ये जेवणं झालेली, दादा रंगात आलेला. दादाची सासरची माणसं बसलेली. कुणीतरी चिमीच्या बुटांचं कौतुक केलं. दादा बोलून गेला, "आमचेच आहेत. ह्याच्या घराला पायात घालायला आम्हीच देतो. लहानपणापासून."

सगळे हसले. दादा पण हसला. बोलताना त्याच्या मनात काही नसेल. पण हा उठला.

"मग नका देऊ," बोलला. आणि चिमीला उचलून निघून आला.

मला हे वहिनींनी सांगितलं, म्हणजे त्याच्या बायकोने. मी बोललो, "म्हणजे बूट चावला नाही, भाऊ चावला." आजवर माझ्या विनोदावर वहिनी नेहमी हसायच्या. त्या दिवशी त्या आत गेल्या आणि मी रिकाम्या दाराशी उभा राहिलो.

पुढचा जून आला. पिशवी आली नाही.

शाळा सुरू झाली. चिमीचे बूट तोकडे झालेले. वहिनी बोलल्या, नवीन आणा. तो बोलला, "येतील." परत बोलल्या. "येतील." मग एक दिवस त्याने ब्लेड घेतलं आणि चिमीच्या बुटांची पुढची बाजू कापली. पोरीचे दोन अंगठे बाहेर. चाळीत लोक बोलायला लागले. डेपोत तर त्याला कंजूषच ठरवलं. तो कुणालाच काही सांगेना. पण मला दिसत होतं. नवीन बूट आणले की दादा संपला. दुकानात जाऊन त्याला ते स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागणार होतं. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी आला की आधी दाराच्या खिळ्याकडे बघायचा. पिशवी तिथे अडकवलेली असायची ना.

एकदा नळावर चिमीने मला विचारलं, "काका, ताई माझ्यावर रागावली का?"

"नाही गं. का?"

"मग गोळी का नाही पाठवत? बूट नको. नुसती गोळी तरी."

आता मी काय करावं? शहाण्या माणसाने काय केलं असतं, ते मला ठाऊक नाही, मी कधी झालो नाही. मी घरी आलो. माळ्यावर माझ्या मोठीचे बूट होते, धाकटीसाठी ठेवलेले. बायको भाजीला गेलेली. मी ते काढले, पॉलिश केले. पॉलिश बुटाला कमी, मलाच जास्त लागलं. एका कापडी पिशवीत घातले. आता गोळी. घरात गोळी नव्हती. मी सगळे डबे उघडून बघितले. शेवटी गूळ सापडला. म्हटलं, गोड ते गोड. चांगला मोठा खडा घेतला आणि डाव्या बुटात पार पुढे दाबून बसवला. पहाटे उठून पिशवी त्याच्या दाराच्या खिळ्याला अडकवली आणि येऊन घोरायला लागलो. झोप नव्हती, नुसतंच घोरत होतो.

सकाळी चाळ जागी झाली ती चिमीच्या ओरडण्याने. "ताईचे बूट आले! ताईचे बूट आले!" आणि लगेच दुसरं ओरडणं, "आई गं!"

जमिनीपासून खिळ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. तांबड्या. चिमीचा हात कोपरापर्यंत भरला. सगळी चाळ जमली. मी पण गेलो, डोळे चोळत, जांभई देत, जसं काय मला आत्ताच कळतंय.

"मुंग्या पण डोंबिवलीहूनच आल्या काय?" कुणीतरी बोललं.

त्याने बूट झटकले. मुंग्या गेल्या, गुळाचा खडा टपकन खाली पडला. तो खड्याकडे बघत राहिला. मग त्याने बूट उलटा केला आणि टाच बघितली. बराच वेळ बघितली. मला वाटलं, आता विचारणार, आधी कुणाच्या पायात होता.

नाही विचारलं. जन्मात पहिल्यांदा नाही विचारलं. बोलला, "दादाने पाठवले. रविवारी जाऊन येऊ डोंबिवलीला."

मी मनात बोललो, फत्ते. आणि तो माझ्याकडे वळला. "तू पण येणार."

"मी कशाला?"

"पिशवी धरायला."

घरी बायकोने माळा बघितलेला. "धाकटीचे बूट कुठे गेले?"

"देवळाबाहेर चोरीला गेले."

"बूट माळ्यावर होते. देऊळ माळ्यावर आलेलं काय?"

धाकटीला नवीन बूट मिळाले. त्या सगळ्या प्रकरणात ती एकटीच पूर्ण सुखी होती. दोन दिवस. मग तिला ते चावले.

रविवारी आम्ही डोंबिवलीला गेलो. तो, वहिनी, चिमी, आणि पिशवी धरायला मी. पिशवीत बोंबील होते, दादाला आवडतात म्हणून घेतलेले. वास माझ्या शर्टाला. रस्ताभर मला घाम. दादा बोलणार, कसले बूट? आम्ही नाही पाठवले. मग ह्याचं काय होईल? पोरीसमोर, बायकोसमोर परत मान खाली. आणि ह्या वेळेला माझ्यामुळे. मी दोनदा बोललो, माझ्या पोटात दुखतंय, मी परत जातो. "दुखू दे," बोलला. "तिथे ओवा मिळेल."

दार दादानेच उघडलं. ह्याच्यासारखाच, फक्त केस पांढरे. दोघं उभे. कुणी आत या बोलेना, कुणी आत जाईना. वहिनींनी पदर सारखा केला. मी बोंबलांच्या मागे लपायचा प्रयत्न करत होतो.

चिमी पुढे झाली. वाकून दादाच्या पाया पडली आणि बोलली, "मोठे काका, बूट बसले."

दादाने बुटांकडे बघितलं. मग आत बघितलं. आतून ताई आलेली, ती बोलली, "पण बाबा, आपण कुठे..."

"तू पाणी आण," दादा बोलला. "जा. सगळ्यांना आण."

ताई गेली. दादा खाली बसला, उंबऱ्यातच, गुडघे कटकट वाजले त्याचे. त्याने चिमीच्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. इकडे दाबला, तिकडे दाबला.

"जागा आहे पुढे," बोलला. "कापूस घातला का?"

"घातला," हा बोलला.

"दिवाळीपर्यंत अंगाला येतील."

"येतील," हा बोलला. तोच शब्द. पूर्ण जूनभर ऐकलेला.

दादा खाली बघत होता, बूट चाचपत होता. हात काही सोडेना. बोलला, "त्या दिवशी लग्नात मी जरा..."

"बोंबील आणलेत," हा बोलला.

बस, एवढंच. त्यानंतर सगळे आत गेले आणि एकदम सगळे एकत्र बोलायला लागले. ताईने चिमीला आत नेऊन लिमलेटच्या गोळ्यांची पुडीच दिली. जून लागायच्या आधीच आणलेली, पार चिकटून ढेकूळ झालेली. पोरीने तेव्हापासून जपून ठेवलेली. पाठवायला कुणी सांगितलं नाही, म्हणून.

निघताना दादा मला दारापर्यंत सोडायला आला. मी चप्पल घालत होतो. दादा माझ्या चपलेकडे बघत बोलला, "तुम्हाला मुली किती?"

"दोन," मी बोललो.

"बरं. मग धाकटीला ह्या वर्षी काय घेतलंत?"

मी बोललो, "चोरीला गेले." दादा हसला. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून उभा राहिला.

खाली रस्त्यावर आल्यावर मी ह्याला गाठला. "तुला पण ठाऊक होतं?"

"येड्या, बाहेरून घासलेली टाच. अख्ख्या कळव्यात तीन माणसं तशी चालतात आणि तिन्ही माझ्या शेजारी राहतात."

"मग बोलला का नाहीस?"

तो चिमीकडे बघत होता. पोरगी पुढे उड्या मारत चाललेली.

"दादाकडे जायला काहीतरी पायात पाहिजे होतं," बोलला. थोडं चालल्यावर थांबला. "पण गूळ? बुटात गूळ कोण घालतं रे?"

आणि तो एवढा हसला, की रस्त्याच्या कडेला बसला. वहिनी हसल्या. मी पण हसलो, मलाच हसलो, तेव्हा मला वाटलेलं की आता सगळं छान झालं.

झालंच छान. दादाने ह्याला डोंबिवलीत, स्वतःच्या मागच्याच गल्लीत खोली बघून दिली. दिवाळीच्या आधी टेम्पो आला. दादा स्वतः आलेला, डोक्यावर गादी घेऊन चाळीच्या जिन्यावरून उतरत होता आणि हा खालून ओरडत होता, "दादा, सांभाळून, दादा, पायरी." इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. मी पण सामान उचललं. मीच माझ्या हाताने पिशवी अडकवली होती, आता मीच माझ्या हाताने त्याचं कपाट टेम्पोत चढवत होतो. एवढा मोठा कारागीर दुसरा बघितलाय का तुम्ही? बदली पण त्याने करून घेतली, कल्याणच्या बाजूला. खोपटला टायर सेक्शनला दुसरा माणूस आला. चांगला होता. माझ्या चपलेकडे त्याने कधी बघितलं नाही.

पुलावरून मी एकटा यायला लागलो. मागे कुणी नाही. कुणी मागून बघत असलं की माणूस नीट चालायचा प्रयत्न करतो. मी तो सोडून दिला.

पुढच्या जूनला धाकटीने मोठीचे बूट समोर ठेवले आणि पायरीवर बसून राहिली. ह्या वेळी रडत नव्हती.

"घाल की," मी बोललो.

"आधी कोणते कोणते रस्ते भरलेत ते काका सांगतील ना."

"काका डोंबिवलीला गेले ना राणी. मी सांगतो." मी बूट कानाला लावला. "हा शाळेचा रस्ता. हा... गिरणीचा. हा..."

धाकटी थोडा वेळ ऐकत होती. मग तिने माझ्या हातातून बूट घेतला. "तुम्हाला नाही ऐकू येत, बाबा," बोलली, आणि गपचूप पायात घातला.

डोंबिवलीला ये, ये, असं तो सांगायचा. आधी निरोप यायचे, मग सणाला, मग कधीतरी. माणूस लांब गेला तर बोलणं होतं, चार स्टेशनं पुढे राहायला गेला की राहून जातं. पोरी मोठ्या झाल्या. त्यांना आता कुणाचेच बूट नकोत, एकमेकींचे तर नाहीच. त्याला रिटायर व्हायला अवकाश होता तरी त्याने नोकरी सोडली आणि दोघं भाऊ गावाला गेले, घर बांधायला, असं मागाहून डेपोत कळलं. गाव कोणतं, ते मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. बांध ठाऊक होता. गाव नाही.

शेवटचा दिसला तो त्याच्या आधी, डोंबिवलीलाच. मी कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेलो. उन्हं उतरलेली, बाजारात गर्दी. पुढे लांबवर दोन माणसं चाललेली, दोघांचे शर्ट पांढरे, दोघांच्या हातात भाजीच्या पिशव्या. पाठ ओळखीची होती. मी पळायला लागलो, पण माझं पळणं तुम्हाला ठाऊकच आहे. अंतर काही कमी होईना. मग मी तिथूनच ओरडलो, "अरे ए! ए टायरवाल्या!"

दोघं वळले. ह्याचेही केस तोपर्यंत पांढरे झालेले. समोरून ऊन माझ्या डोळ्यांत. दोघांतला माझा कोणता, ते मला काही केल्या कळेना.

मी हात वर केला. दोघांनी वर केला.